राहेलबाईंचा आसरा

ज्या माणसाने आपली पडवी रिकामी ठेवली आणि तुमच्या माणसाला त्या पडवीसमोर पावसात मरू दिले, त्याला तुम्ही क्षमा कराल काय?

उत्तराची घाई करू नका. हा प्रश्न मी पुष्कळांना विचारला आहे. ज्यांच्या अंगावर कोरडे कपडे होते ते बहुतेक सगळे ‘करावी’ म्हणाले. राहेलबाई ‘नाही’ म्हणाल्या. नुसत्या म्हणाल्या नाहीत, ते ‘नाही’ त्यांनी रोज सकाळी गाऊन दाखवले, आणि तेही देवाच्या भजनात.

मी शहापूरचा. वडील कल्याणला एका छापखान्यात खिळे जुळवीत. आमच्या घराच्या कुडांना बाद झालेली पत्रके चिकटवलेली असत, त्यामुळे मी अक्षरे शिकलो ती ‘उठा’, ‘जागे व्हा’, ‘धिक्कार असो’ या शब्दांवरून. लढाई सुरू होण्याच्या थोडे आधी लोकल बोर्डाने मला उंबरकोंडला मास्तर म्हणून पाठवले. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. गाव कसले, अण्णा मालकांची जमीन आणि तिच्यावर कसणाऱ्या कुळांची घरे. मालकांच्या पडवीला लागून एक खोली होती. नव्या मास्तराने तिथेच उतरायचे असा रिवाज होता, मीही उतरलो.

पहिल्याच सकाळी मी अंगणात दात घासत उभा होतो. रस्त्यावर एक बाई येऊन थांबली. उंच, हाडकुळी, पांढरे पातळ, पायांत पुरुषी वहाणा, काखेत दोन पुस्तके. तिने हात जोडले नाहीत की हाक मारली नाही. मालकांच्या दाराकडे सरळ तोंड करून तिने घसा खाकरला आणि गायला सुरुवात केली :

अंधारली वाट माझी, सुटे वादळवारा,
तुझ्या दारी आलो देवा, दे रे मला आसरा.

गाणे गोड नव्हते. राहेलबाईंना गळा नव्हता, घसा होता. रानात चुकलेल्या गुराला हाक मारावी तशी त्या प्रत्येक ओळ लांब फेकत. शेवटचा ‘आसरा’ इतका ताणत की वळचणीची कबुतरे उडून जात. सगळी कडवी झाली, बाईंनी पदर सारखा केला आणि त्या चालू लागल्या.

एवढा वेळ आत अण्णा मालकांचा झोपाळा थांबलेला होता. बाई वळणाआड गेल्यावर त्याची कुरकुर पुन्हा सुरू झाली.

मी मालकांच्या धाकलू कारभाऱ्याला विचारले, “कोण रे ही?”

“राहीलबाय. पलीकडल्या पाड्यावर मिशनची शाळा हाय ना, तिथली मास्तरीण.”

“रोज येते?”

“रोज. आइतवारी पन सुट्टी नाय.”

“आणि इथेच का गाते?”

धाकलूने एकदा दाराकडे पाहिले. “मास्तर, तुमी नवीन हाव. तुमी आपले दात घासा.”

नाव राहेल, पण गावाच्या जिभेवर ते राहील झाले होते. मालक वैतागून विचारत, “ही बया जाईल तरी कधी?” तेव्हा धाकलू अगदी गरीब चेहऱ्याने म्हणे, “नावच राहील हाय, मालक. जाईल कशी?”

पुढे मी पाड्यावरच्या त्यांच्या शाळेत गेलो तेव्हा मला पहिली गोष्ट दिसली ती ही, की शाळेला दार नव्हते. चौकट होती, बिजागऱ्यांची भोके होती, दार नव्हते. दाराची फळी आत दोन दगडांवर आडवी टाकली होती आणि तिच्यावर पोरे ओळीने बसली होती. शाळेत पोरांबरोबर दोन शेळ्या होत्या, एक कुत्रा होता आणि भिंतीला टेकून एक म्हातारा बिडी ओढत बसला होता.

“हे कोण?” मी विचारले.

“ठाऊक नाही,” राहेलबाई फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाल्या. “ऊन लागलं म्हणून बसलेत. माझ्या घराला दार नाही, मग विचारू कुठं उभी राहून?”

त्यांच्या कोंबड्यांत एक लाल तुऱ्याचा, पायाने लंगडा, फार माजलेला कोंबडा होता. त्याचे नाव त्यांनी ‘मालक’ ठेवले होते. शाळा चालू असताना तो आत शिरला की बाई पट्टी आपटून ओरडत, “मालक, व्हा बाहेर! घाण करून ठेवलीत सगळी!” पोरे फळीवरून खाली पडेपर्यंत हसत. त्या पोरांचे बाप मालकांसमोर मान वर करीत नसत. पोरे मात्र घरी जाताना रस्त्याने तेच वाक्य ओरडत जात, आणि मालकांच्या घरावरून जाताना जरा जास्तच मोठ्याने. यातही अभ्यास होता, असे माझे मत आहे.

त्या मालकांच्या दारात का गातात, त्यामागच्या एका जुन्या संध्याकाळची हकीकत त्यांनी मला तिथेच, उघड्या चौकटीत बसून सांगितली. डोळ्यांत पाणी नव्हते. गणित सोडवून दाखवावे तशी पायरी पायरीने सांगितली.

राहेलबाई आणि त्यांचे यजमान योसेफमास्तर नगरकडचे. या पाड्यावर शाळा काढायची म्हणून ते बैलगाडीने घाट उतरून आले. श्रावणाचे दिवस. घाटातच मास्तरांना हिवताप भरला. उंबरकोंडात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती, नदी फुगली होती, पलीकडे पाड्यावर जाणे शक्य नव्हते. रस्त्यावर सगळ्यांत मोठे घर मालकांचे, आणि त्याची पडवी एवढी की लग्नाची पंगत बसावी. बाईंनी गाडी थांबवून हाक दिली. धाकलू कंदील घेऊन बाहेर आला, त्याने माणसे पाहिली, नावे विचारली, आत गेला आणि परत येऊन म्हणाला, “मालक घरात नायत. मी काय सांगू शकत नाय.”

“त्याच वेळी आत अडकित्ता वाजला,” राहेलबाई मला म्हणाल्या. “सुपारी कातरत होता. कट्, कट्. पावसातनंही ऐकू येत होतं. मी म्हटलं, नुसती पडवी द्या, पाणीसुद्धा आमचं आहे. धाकलू पुन्हा आत गेला. अडकित्ता थांबला. मग दाराला आतून अडसर पडला.”

ख्रिस्ती होण्यापूर्वी योसेफमास्तरांचे घराणे कोणत्या जातीचे होते, हे नावावरून आणि बोलण्यावरून ओळखण्यात आपल्याकडची माणसे फार हुशार असतात. मालक तर फारच हुशार.

मास्तर पहाटेपूर्वी त्याच गाडीत, त्याच पडवीसमोर गेले. ‘आसरा’ हे गाणे त्यांनीच रचलेले. शुद्ध होती तोवर तेच गुणगुणत होते. गळा त्यांचा होता. बाई म्हणत, “ते गायचे, मी भाकरी थापायचे. आता भाकरी खायला कुणी नाही, म्हणून मी गाते.”

पण एवढ्याने संपले नाही. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. मालकांनी पंचांपुढे सांगितले, “मी काल घरात नव्हतो, कल्याणला होतो. आणि तो इसम दारू पिऊन पडलेला असावा.” ज्या माणसाने जन्मात दारूचा थेंब घेतला नाही आणि गावोगाव दारूविरुद्ध व्याख्याने दिली, तो दारुडा म्हणून पुरला गेला. पंचांनी माना डोलावल्या. मालक कल्याणला नव्हते हे त्या पंचांना ठाऊक होते, कारण त्यांतल्या दोघांनी त्या संध्याकाळी मालकांच्या गोठ्यात भारे टाकले होते.

“धाकलूचा राग नाही मला,” राहेलबाई म्हणाल्या. “त्याचं तोंड उसनं होतं. मला मालकाच्या तोंडून ऐकायचंय. मी घरात होतो. एवढंच. चारचौघांत, उजेडात. ते म्हणेपर्यंत मी त्याच्या दारात जाणार.”

“आणि म्हणालाच नाही तर?”

“माझी आई म्हातारी होऊन मेली. आमच्यात बायका टिकतात.”

नवऱ्याच्या नावावर फासलेले काळे त्यांना पुसायचे होते. त्यासाठी त्या जगत होत्या. बाकी शाळा, शेळ्या, कोंबडे हे सगळे त्याच्या आजूबाजूला होते.

अर्थात हे मिशनच्या लोकांना पसंत नव्हते. एकदा पाळकसाहेब मुद्दाम आले. गोरे नव्हते, आपल्याकडचेच, पण सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावलेले. मी तेव्हा शाळेत बसलो होतो. ते आत येऊन उभे राहिले, बसायला जागा शोधू लागले, तेव्हा बाईंनी शेळी हाकलून जागा करून दिली.

“राहेल,” ते म्हणाले, “भक्तीचं गीत असं कुणाच्या उरावर बसून गातात का? देवाकडे आसरा मागायचा तर तो मनात माग.”

“साहेब, आम्ही त्या रात्री मोठ्यानं मागितला होता. तरी ऐकू गेलं नाही. मनात मागून कसं भागेल?”

“शत्रूसाठीसुद्धा प्रार्थना करावी अशी आपल्याला आज्ञा आहे. तू स्वतःसाठी आसरा मागतेस. एकदा त्याच्यासाठी मागून बघ. तुझं मन हलकं होईल.”

राहेलबाईंनी फळा पुसला. खडू झटकला. मग मान तिरकी करून म्हणाल्या, “त्याच्यासाठी मागू? त्याच्या दाराशी आसरा यावा म्हणून?”

“अगदी बरोबर!” पाळकसाहेबांचा चेहरा उजळला.

“आपली आज्ञा,” राहेलबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, पण हसू दाबताना त्यांच्या गालाचे हाड वर येई, तसे ते आले. मला तेव्हा काही कळले नाही. मी शहापूरच्या बाजारपेठेत वाढलेला. या नदीकाठची भाषा मला अजून यायची होती.

दुसऱ्या सकाळी त्या नेहमीप्रमाणे आल्या. सगळी कडवी म्हटली. मग शेवटी, नवे :

बंद ज्याने केले दार, नाही दिला थारा,
त्याच्या दारी येऊ दे रे, देवा, आता आसरा.

धाकलूच्या हातातले घमेले खाली पडले. ओट्यावर कामाला आलेल्या बायका कुजबुजत मागे सरल्या. एकीने चटकन पोटुशा सुनेला आत ढकलले. आणि आतला झोपाळा नुसता थांबला नाही, कुणीतरी त्यावरून उतरल्याचा धप्प आवाज झाला.

“काय झालं रे?” मी धाकलूला विचारले.

“मास्तर, तुमाला साती आसरा ठाव नाय?”

तेव्हा मला कळले. काळू नदीला गावाखाली डोह आहे. त्याच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड आहेत. त्या सात आसरा, पाण्यातल्या बाया. त्या ज्याला लागतात त्याला पाण्यात ओढतात, नाहीतर सुकवून मारतात. त्यांचे नाव तिन्हीसांजेला कुणी घेत नाही, आणि डोहावरून जाताना कुणी मागे पाहत नाही. पुस्तकातला आसरा एकवचनी, पुल्लिंगी, निवाऱ्याचा. गावातल्या आसरा बायका, आणि सात. व्याकरणाने पाहिले तर गोंधळ व्हायचे कारण नाही. पण ‘येऊ दे रे आसरा’ या चालीत एकवचन कुठे आणि अनेकवचन कुठे, हे ऐकणाऱ्याच्या मनातल्या पापावर ठरते.

इतकी वर्षे ती स्वतःसाठी आसरा मागत होती. लोकांना वाटे, खुळी आहे, मरण मागते. आता तिने मालकांच्या दाराशी आसरा बोलावल्या होत्या, आणि तेही पाळकाच्या आज्ञेने!

मी पाड्यावर जाऊन विचारले, “बाई, तुम्हाला ठाऊक होतं?”

“मी इथं इतकी वर्षं पोरांना शब्द शिकवते,” त्या म्हणाल्या. “एका शब्दाचे दोन अर्थ मला ठाऊक नसतील?”

“पण हे खोटं नाही का?”

“काय खोटं? त्याच्या दाराशी देवाचा आसरा यावा अशी माझी प्रार्थना आहे. पाळकसाहेब साक्षीला आहेत. त्याला देवाचं नाव ऐकून भीती वाटत असेल, तर ते त्याचं आणि देवाचं.”

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो लपवण्याजोगा नाही. मी जन्मभर पत्रके वाचली होती. जुलमी माणसाला हलवील असे दोन ओळींचे पत्रक मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

महिन्याच्या आत मालकांचा एक बैल डोहाच्या गाळात रुतून मेला. गाळ दरवर्षी असतो आणि गुरे दरवर्षी रुततात. पण मालकांनी नदीवर जाणे सोडले. मग घरच्या विहिरीच्या पायऱ्यांवर त्यांचा पाय घसरला, तेव्हा विहीर सोडली. मग अंघोळ सोडली. ओल्या पंच्याने अंग पुसून घेत, तेही कुणीतरी शेजारी उभे असेल तर. नदीपलीकडची शेते त्यांनी त्या वर्षी पाहिलीच नाहीत. खंडाचे भात मोजायला धाकलू एकटा जाई आणि धाकलूची नजर पहिल्यापासून मऊ. पलीकडच्या कुळांच्या घरांतून त्या वर्षी होळीपर्यंत भाताचा वास येत होता. सूड एका बाईचा, पण जेवली कितीतरी माणसे.

भगत बोलावला. त्याने तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितले, “पान्याच्या बाया उठल्यात. जिनं बोलावल्यात तिची ओटी भरा, तिलाच त्या परत न्यायला सांगा.”

झाले! ज्या विधवेची सावली पडली तरी मालकांच्या घरात गोमूत्र शिंपडत, तिच्याकडे हिरवे लुगडे, हिरव्या बांगड्या, नारळ आणि खण घेऊन धाकलूला पाठवले. तो उघड्या चौकटीबाहेर ताट धरून उभा राहिला.

“हे काय रे धाकलू?”

“ओटी हाय, बाय. मालकांनी धाडली.”

“विधवेची ओटी? ख्रिस्तिणीची?” राहेलबाईंनी हिरव्या बांगड्या उचलून उजेडात धरल्या. “छान आहेत. माझ्या शेळीला बसतील का बघ.”

“बाय, थट्टा नका करू. मालक लई भ्यालेत. काय पायजे ते मागा.”

“काय पाहिजे ते तो जाणतो. तीन शब्द. ताट परत ने. नारळ तेवढा ठेव, पोरांना खोबरं आवडतं.”

ओटी परत आली तेव्हा मालकांनी दुसरा मार्ग धरला. मला बोलावले आणि मुरबाडच्या फौजदाराला अर्ज लिहायला सांगितले.

“गुन्हा काय लिहू?” मी विचारले.

“लिहा, दारात उभी राहून गाते.”

“काय गाते?”

“देवाचं…” ते अडकले. “देवाचं नाव घेते. पण वाईट रीतीने!”

मी लेखणी खाली ठेवली आणि त्याच दिवशी बिऱ्हाड कुंभाराच्या पडवीत हलवले. अर्ज त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला असावा, कारण आठवड्याभरात फौजदार घोड्यावरून आला. जाडजूड, घामाघूम, वरच्या साहेबाने पिटाळलेला. अंगणात खुर्ची टाकून बसला. एका बाजूला मालक, एका बाजूला राहेलबाई, मागे सगळे गाव.

“म्हणा बाई, काय म्हणता ते,” फौजदार म्हणाला.

राहेलबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणे म्हटले. एकही कडवे गाळले नाही. फौजदाराने डोळे मिटून ऐकले, शेवटी मिशीवरचा घाम पुसला.

“यात शिवी कुठे आहे?”

“शिवी नाही साहेब,” मालक म्हणाले, “पण ती माझ्या दारात आसरा बोलावते.”

“बोलावते तर येऊ द्या! देवाचा आसरा दारात आला तर कुणी तक्रार करतं का? उघडा की दार!”

मागे कुणीतरी फिस्सकन हसले. मग दुसरे. मग उंबरकोंडाच्या इतिहासात पहिल्यांदा मालकांच्या अंगणात मालकांवर गाव हसले. फौजदाराला आपण काय विनोद केला ते शेवटपर्यंत कळले नाही. तो मालकांचेच ताक पिऊन गेला.

मला वाटते, त्या हसण्याने मालक मोडले. भीती त्यांनी आणखी कितीतरी दिवस सोसली असती.

दोन-तीन दिवसांनी बाई आल्या तेव्हा दार उघडे होते. मालक पडवीत खांब धरून उभे होते. दाढी वाढलेली, अंगाला कुबट तेलाचा आणि घामाचा वास. ओट्यावर भात पाखडणाऱ्या बायका होत्या, धाकलू होता, रस्त्यावर मी आणि कुंभार होतो. बाईंनी घसा खाकरला होता, पण त्यांना पाहून त्या थांबल्या.

“बाई,” मालक म्हणाले, “त्या दिवशी… मी घरात होतो.”

“कुणी बोललं का?” राहेलबाई इकडे तिकडे पाहत म्हणाल्या. “मला नीट ऐकू आलं नाही.”

“मी घरात होतो!”

सुपे थांबली.

“आणि पंचांपुढे माझ्या यजमानांविषयी काय सांगितलंत?”

“ते… ते खरं नव्हतं. तो दारू प्यायला नव्हता.”

“कोण प्यायला नव्हता?”

“तुमचा नवरा.”

“मास्तर होते ते. मोठे होते तुमच्याहून. नीट बोला.” फळ्यापुढे अडलेल्या पोराला सांगावे तसा आवाज होता. रागाचा अंशसुद्धा नाही. “पुन्हा म्हणा.”

आयुष्यात मालकांनी त्या जातीच्या माणसाला कधी अनेकवचन लावले नव्हते.

“योसेफमास्तर,” ते म्हणाले, “दारू प्यायले नव्हते.”

“बरं,” राहेलबाई म्हणाल्या. पदर सारखा केला आणि चालू लागल्या.

“बाई!” मालक पडवीच्या पायरीपर्यंत आले. “झालं ना आता? क्षमा केली म्हणा.”

त्या वळल्या. “अण्णा,” त्या म्हणाल्या. मालक नाही, अण्णा. “मी खरं काय ते मागितलं होतं. क्षमा मी कधी विकायला काढली नव्हती.”

मी या जागी थांबून तुम्हाला सांगतो की मला हे आवडले. पाळकसाहेबांना आवडले नाही. मुरबाडच्या काही सद्गृहस्थांना आवडले नाही. ते म्हणाले, “बाईने मन मोठं करायला हवं होतं.” मन मोठे करण्याची पाळी नेहमी बाहेर भिजणाऱ्यावरच का येते, हे मला त्यांच्यापैकी कुणी सांगू शकला नाही.

त्या दिवसापासून राहेलबाईंनी त्या दारात गाणे बंद केले. आणि खरी शिक्षा तिथे सुरू झाली. मालकांना वाटले होते, त्या उद्या येतील आणि गाणे पहिल्यासारखे म्हणतील. ‘त्याच्या दारी’ ऐवजी ‘दे रे मला’ म्हणतील आणि आसरा माघारी जातील. बाई आल्याच नाहीत. मालक रोज सकाळी पडवीत येऊन रस्त्याकडे बघत उभे राहू लागले.

“धाकलू, जा, तिला म्हणावं, एकदा जुनं गाणं म्हण!”

धाकलू पाड्यावर जाई आणि हात हलवीत परत येई. “मालक, ती म्हनते, माजं काम झालं.”

“अरे, मग या दारातल्या कोण परत नेणार?”

“ते नाय बोलली.”

जी बाई गाते म्हणून अर्ज केला, तीच गात नाही म्हणून माणूस झुरू लागला. मालक पुढे काही वर्षे जगले. कोरडेच जगले. शेवटच्या दुखण्यात तोंडात पाणी घालायला गेले तर ओठ मिटून घेत, असे घरचे सांगतात. राहेलबाईंना ही बातमी मीच सांगितली. त्यांनी शेळीची धार काढणे थांबवले नाही. “दुधाचं विचारलं असतं त्याने तर दिलं असतं,” एवढेच म्हणाल्या. ते खरे की टोमणा, मला अजून ठरवता आलेले नाही.

मालकांमागे त्यांच्या मुलांनी रस्त्याच्या कडेला धर्मशाळा बांधली. पक्की, कौलारू, तिन्ही बाजूंनी ओटे. भिंतीत संगमरवरी पाटी बसवली.

मी राहेलबाईंना शेवटचे पाहिले ते तिथे. भर पावसाचे दिवस. मी मुरबाडहून येत होतो, सर्व्हिस मोटारीची वाट पाहणारी माणसे धर्मशाळेत दाटीवाटीने उभी होती. राहेलबाई बाहेर, डोक्यावर पोते घेऊन, रस्त्यावर. डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. कल्याणला दवाखान्यात निघाल्या होत्या. पाड्यावरची एक बाई त्यांचे गाठोडे धरून होती.

“बाय, आत या गो, भिजता कशाला?” आतून कुणी म्हणाले.

“तुम्ही कोरडे राहा,” त्या म्हणाल्या. माझा आवाज ओळखून त्यांनी मला जवळ बोलावले. “मास्तर, भिंतीवर काही लिहिलंय म्हणतात. वाचा बरं. मोठ्यानं.”

मी वाचले. मालकांचे नाव, नावामागे तीन विशेषणे, आणि मग : ‘अतिथीस ज्यांचे द्वार कधीही बंद नव्हते, त्यांच्या स्मरणार्थ.’

पोत्याच्या कडेवरून पाणी गळत होते. त्यांच्या गालाचे हाड वर आले. मला वाटले त्या आता गातील, किंवा शिवी देतील. त्यांनी पट्टी मागणाऱ्या मास्तरणीच्या आवाजात विचारले, “पाटीखाली जागा आहे का?”

“आहे. हातभर आहे.”

“पुरे.”

मोटार आली. गाठोडेवालीने त्यांना वर चढवले. पुढच्या बाकावरचा एक जण उठून जागा देत होता, त्याला त्या काहीतरी बोलल्या आणि तो हसला. एवढे दिसले. कल्याणहून त्या परत आल्या नाहीत.

त्या हातभर जागेत मी कोळशाने लिहिले : ‘योसेफमास्तर याच गावात दाराबाहेर वारले. ते दारू प्यायले नव्हते.’ आठवड्याने मालकांच्या मुलांनी पुसले. मी पुन्हा लिहिले. त्यांनी चुना लावला. चुन्यावर कोळसा फार चांगला उठतो. मग बोर्डाकडे तक्रार गेली आणि माझी बदली झाली. ज्यांनी मालकांचे शब्द कानांनी ऐकले ती माणसे आता एकेक करून जात आहेत. पाटी संगमरवरी आहे, ती राहणार.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. मुरबाडहून घाटाकडे जाल तेव्हा उंबरकोंडाला उतरा. धर्मशाळेच्या चुलीत कोळसा नेहमी असतो, तो एक उचला. पाटीखाली भिंत पुसलेली दिसेल तिथे तीच दोन वाक्ये पुन्हा लिहा. अक्षर ठळक काढा, आणि ‘प्यायले’ अनेकवचनी लिहा.